गुरे राखायला जा!

वर्गात उत्तर चुकले की शिक्षकांच्या तोंडून सहज निघते, ‘तू गुरेच राखायला जा!’ आम्हीही असे म्हणत आलो आहोत. गेल्या वर्षी आठवीतील एका मुलाने ते निमूटपणे ऐकून घेतले. त्याच आठवड्यात त्याच्या घरची गाय विताना अडली आणि तो रात्रभर तिच्यापाशी बसला होता, हे आम्हांस मागाहून कळले.

आमच्या घरच्या कोंकणीत गुराख्यास ‘राखणो’ म्हणतात. राखणारा, सांभाळणारा! त्या शब्दाची शिवी आम्ही शिकल्यासवरल्या माणसांनी केली.

हा आमचा प्रांत निमाडी गुरांचा. तांबड्या अंगावर पांढरे चट्टे असलेले हे बैल ओढकामास नामांकित. मेंढपाळांचे कळप आले की शेतकरी खतासाठी त्या मेंढ्या शेतात बसवून घेतात. कोणती मेंढी लंगडते, कोणती पिलास जवळ घेत नाही, हे त्यांची पोरे लांबून ओळखतात. ही विद्या नव्हे काय?

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) सुंदरबनातील लहानखुऱ्या गरोळ मेंढीचा दख्खनी मेंढीशी संकर करून जुळी देणारी ‘नारी सुवर्णा’ मेंढी सिद्ध केली. जुळे देणारा तोच गुण बंगाली मेंढ्यांबरोबर अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात गेला आणि तेथील ‘बुरूला’ मेंढ्यांत प्रसिद्धीस आला. परंतु जुळ्यांतील अशक्त कोकरू जगवील कोण? त्यास चीक पाजणारा जाणता हात नसेल, तर संशोधन कागदावरच राहावयाचे. म्हणूनच ती संस्था पशुपालकांस शिकविते. पुण्यास १९७८ पासून मेंढी व शेळी विकासाचे सरकारी महामंडळही आहे. आपल्याकडे जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाची पशुपालन पदविका आहे. पण तिची वाट बारावीच्या विज्ञानातून जाते, आणि गोठ्यात वाढलेला मुलगा बहुधा त्याआधीच शाळा सोडतो. दोष मुलाचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तेव्हा शाळेने निदान एवढे करावे : ज्याच्या घरी जनावरे आहेत त्याने गोठ्याची वही ठेवावी. वेत, दूध, चारा, लस यांची नोंद व्हावी आणि ती वही गणिताच्या व विज्ञानाच्या तासास तपासली जावी. लेखी परीक्षेइतकाच तिचा मान असावा. काही सहकाऱ्यांस हे हास्यास्पद वाटते, वाटो.

पहिली वही त्याच मुलाने आणून दिली. तीत बेरजेच्या दोन चुका आहेत.