अकरावीचं गणित रद्दीत देऊ नका

सीईटी संपली की पेण-रोह्यातल्या बारावीवाल्यांच्या घरी एक काम ठरलेलं असतं. पुस्तकांचा गठ्ठा बांधायचा आणि शेजारच्या मुलाला द्यायचा, नाहीतर सरळ रद्दीत. तुम्ही कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, आयटी किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला जाणार असाल, तर बाकी काय द्यायचं ते द्या. अकरावीचं गणित भाग 2 मात्र ठेवून घ्या.

सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, वेळ 90 मिनिटं. त्यातला 20 टक्के भाग अकरावीचा, तोही ठराविक धड्यांवर. वर्तुळ आहे, सरळ रेषा आहे, लिमिट आहे. पण संच आणि संबंध हा धडा त्या यादीत नाही, इंडक्शनही नाही. मग पनवेलच्या क्लासला जाणारा मुलगा ते कशाला करेल? पहाटे उठून गाडी पकडायची, दुपारी परत यायचं, त्यात जे गुणांचं आहे तेवढंच होतं. त्याचं काही चुकत नाही. देशपातळीवरही हेच चाललंय. एनसीईआरटीने 2022-23 पासून अकरावीच्या पुस्तकातून इंडक्शन आणि मॅथेमॅटिकल रीझनिंग हे दोन्ही धडे काढले, आणि 2024 ला जेईई मेनमधूनही ते गेले.

गंमत अशी, की कॉम्प्युटर सायन्सचा पाया नेमका याच धड्यांवर आहे. डिस्क्रीट मॅथ्स नावाचा विषय उघडून बघा: तर्कशास्त्र, संच, संबंध, फंक्शन, इंडक्शन, मोजणी. इंजिनीअरिंगला तो बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी येतो. म्हणजे अकरावीत जे सोडलं, ते दोन-तीन वर्षांनी समोर उभं राहतं आणि तिथे शिकवणारे धरून चालतात की हे तुम्हाला येतंच. केटी लागते ती अशा ठिकाणी. नवी मुंबईत खोली घेऊन राहणाऱ्या मुलाच्या घरी एका केटीचा अर्थ काय होतो, ते वेगळं सांगायला नको.

तर्कशास्त्र बारावीला आहे, पण आपण ते ‘फुकटचे मार्क’ म्हणून करतो. आता हे बघा. गाडीत टीसी कोणाला सोडतो? ज्याच्याकडे पास आहे आणि ओळखपत्र आहे त्याला. मग अडवतो कोणाला? पहिल्या वर्षाला प्रोग्राम लिहिताना अनेक जण पटकन लिहितात, ‘पास नाही आणि ओळखपत्र नाही’. झालं, नुसतं ओळखपत्र दाखवणारा फुकट प्रवास करून रोह्याला उतरला! बरोबर अट आहे ‘पास नाही किंवा ओळखपत्र नाही’. हाच डी मॉर्गनचा नियम. ट्रुथ टेबलमध्ये तो आपण सगळ्यांनी भरलाय, फक्त कशासाठी ते कोणी सांगितलं नाही.

दुसरं उदाहरण पेणचंच. गणपतीच्या कारखान्यात 200 मूर्ती आहेत आणि कोणत्या मूर्ती एकाच उंचीच्या आहेत ते शोधायचंय. प्रत्येक मूर्तीची प्रत्येकीशी तुलना केली तर 199 + 198 + ... + 1, म्हणजे 19,900 तुलना. आधी मर्ज सॉर्टने उंचीनुसार रांग लावली आणि मग फक्त शेजारच्या मूर्ती तपासल्या, तर सगळं मिळून 1,600 च्या आत काम होतं. मूर्ती 2,000 झाल्या की पहिल्या रीतीने जवळपास 20 लाख तुलना, दुसरीने 22,000 सुद्धा नाहीत. पहिला आकडा बेरजेच्या सूत्रातून येतो, दुसरा लॉगमधून: 200 ला अर्धं-अर्धं करत गेलं की आठव्या वेळेपर्यंत एक उरतो. कॉलेजात अल्गोरिदम म्हणून जे शिकवतात, त्यात हा हिशोब पदोपदी लागतो.

इंटिग्रेशन बिनकामाचं, असं म्हणायचं नाहीये. पुढे मशीन लर्निंगकडे वळलात तर मॅट्रिक्स, व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह आणि प्रोबॅबिलिटी चौघंही लागतील. पण त्यांची तयारी सीईटी करून घेतेच. जे कोणी करून घेत नाही, त्याची काळजी जास्त.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात असलेल्यांना अजून एक अडचण. ‘उपसंच’ डोक्यात पक्का असतो, पण ‘सबसेट’ ऐकलं की क्षणभर गाडी थांबते. लाजू नका, वहीच्या मागच्या पानावर दोन्ही शब्द शेजारी लिहून ठेवा.

सीईटी ते कॅप राउंड आणि पहिलं लेक्चर यात काही आठवडे रिकामे जातात. आपल्या ज्युनिअर कॉलेजांनी या दिवसांत बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी दहा-बारा तास घ्यायला काय हरकत आहे? फळा आहे, शिक्षक आहेत. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. तिथल्या आणि मुंबईच्या कॉलेजांत शिकणारी आपली सिनिअर मुलं सुट्टीत गावी येतातच, त्यांनाही बोलवता येईल.

पुस्तक आधीच देऊन टाकलं असेल तर बालभारतीच्या साइटवर ते फुकट मिळतं. सुरुवात संचांपासून करा. इंडक्शनला पोचलात की पहिलं गणित मूर्तींचं घ्या: 1 पासून n पर्यंतची बेरीज n(n+1)/2 का होते, ते कोणत्याही n साठी सिद्ध करा.