माळ पडीक नसतो

मे महिन्यातील एका सकाळी सामानगडाच्या जांभ्याच्या माळावर हिंडत होतो. गवत वाळलेले, बहर काय तो एका खुरट्या अंजनीला, निळा. एवढ्यात टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. जपून पाहिले, तर नुसत्या खळग्यात खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी! अशा जागेला आपण 'पडीक' म्हणतो आणि श्रमदानाच्या शिबिरात तेथे झाडांसाठी खड्डे खणतो. मला हे पटत नाही. झाडे गावात लावा, रस्त्याकडेला लावा. टिटवीला, चंडोलाला मोकळी जमीनच हवी. शिवाय त्या बोटभर मातीत पावसाळ्यातली फुले कंदरूपाने निजलेली असतात. कुदळ हाती देण्यापूर्वी सरांनी आम्हांला एकदा श्रावणात तेथे न्यावे.