यंत्रे आली, पण शिकविणारा कोठे?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पोर दहावी पास झाले की आपल्या घरात एकच विचार सुरू होतो. त्याला कॉलेजात घालावे, की आयटीआयत घालून हातास हुन्नर द्यावा? आम्ही पडलो मास्तर. आईबाप हा प्रश्न घेऊन आमच्याकडे येतात, आणि आम्ही त्यांस आजवर आयटीआयचीच वाट दाखवीत आलो. आता मात्र ती दाखविताना आमची जीभ अडखळते. तिचे कारण ऐका.

आमच्या गावच्या एका सुताराच्या मुलाने इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यास पुरा केला. संस्थेचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एकट्या संस्थेचा नव्हे. पहिल्या वर्षी तासिकेवरचे एक सर होते. दिवाळीनंतर त्यांस बरी नोकरी लागली व ते गेले. पुढे वेल्डिंगचे सर सवड मिळेल तशी वीज शिकवीत. सामान कपाटात आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! पोराच्या हाती प्रमाणपत्र आले. पण शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीवरची जळालेली मोटार त्याला दुरुस्त करता येईना. बापाने दोन वर्षे रंधा मारून खोलीचे भाडे भरले, ते काय या कागदासाठी?

तासिकेच्या सरांवर आमचा राग नाही. तेही आपल्याच घरचे लेक. जो तास झाला नाही त्याचा पैसा नाही, आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. असा मनुष्य जीव ओतून शिकवील तरी किती दिवस? नक्षलग्रस्त व आदिवासी भागात काम करणाऱ्या नोकरास एक पायरी वरची वेतनश्रेणी द्यावी, असे सरकारने ६ ऑगस्ट २००२ रोजी ठरविले. निर्णय चांगलाच आहे. परंतु ज्याला मुळात श्रेणीच नाही, त्याला वरची श्रेणी कोठून मिळणार?

शहरातले पंडित यास मनुष्यबळाचे नियोजन म्हणतात. शेतकऱ्यास ते न शिकविता कळते. नवा नांगर आणून अंगणात पुजला आणि बैलाचे मागून पाहू म्हटले, तर जमीन नांगरली जात नाही.

आमच्या मुलखात कामाचा दुष्काळ आहे काय? चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणी, वीजकेंद्र व सिमेंट, बल्लारपुरास कागद, इकडे सुरजागडचे लोखंड आणि कोनसरीचा कारखाना. डोंगर आमचा, पाणी आमचे. मग यंत्रावर परमुलखाचा मनुष्य आणि फाटकावर आमचे पोर, हा न्याय आम्ही का सोसावा?

यावर अधिकारी म्हणतात, ‘या जंगलात शिकवायला कोणी येत नाही.’ येत नाही, तर येथलाच तयार करा! महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच सांगितले होते. शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करावे, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरण्यास ज्यांस लाज वाटणार नाही असे ते असावे, आणि त्यांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा. माणूस कोठून घ्यावा, कसा घडवावा आणि कसा टिकवावा, या तिन्ही गोष्टी त्यांत आल्या.

तेव्हा आमचे मागणे सरळ आहे. येथल्याच आयटीआयतून शिकून ज्यांनी कारखान्यात चार वर्षे हात काळे केले, त्यांस शिल्प निदेशकाचे एक वर्षाचे शिक्षण सरकारी खर्चाने द्यावे व कायम नेमावे. एटापल्ली-भामरागडच्या पोरास माडिया जाणणारा आणि सिरोंच्याच्या पोरास तेलुगू जाणणारा गुरू मिळाला, तर यंत्राची भीती अर्धी तेथेच सरेल. यंत्रे बदलतात, म्हणून निदेशकांसही दरवर्षी महिनाभर कारखान्यात पाठवावे. बुरूड व लोहार यांचा हात ज्या कामात तयार आहे, ते शिकविण्यास त्यांस मानाने व मोबदला देऊन बोलवावे.

पैसा नाही, ही सबब आम्ही ऐकणार नाही. शिकविणारा नसेल तर गंजणाऱ्या यंत्राचा पैसाही पाण्यातच जातो.

आता थोडे आपल्या घरचे. प्रवेशाच्या दिवशी इमारत पाहून भुलू नका. विचारा, शिकविणारे सर कोण? कायम की तासिकेवर? गेल्या वर्षी पोरांच्या हाताने कोणते काम झाले? उत्तर मिळाले नाही तर ग्रामसभेत ठराव करा आणि तो वर पाठवा. दया मागावयाची नाही. हक्काचा गुरू मागावयाचा आहे.