स्वस्त जेटचे महागडे गणित

विजेवर उडणाऱ्या ‘हवाई टॅक्सी’चा गाजावाजा सुरू असतानाच जर्मनीतील लिलियम आणि व्होलोकॉप्टर या दोन कंपन्यांवर २०२४ च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज करण्याची पाळी आली. हवाई टॅक्सीच्या स्वप्नाचे हे पहिलेच पतन नव्हे. त्याआधी सोळा वर्षे, नोव्हेंबर २००८ मध्ये, अमेरिकेतील एक्लिप्स एव्हिएशन ही कंपनी याच मार्गाने गेली होती. मात्र दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. एक्लिप्सचे विमान कागदावर राहिले नाही. ते उडाले, त्याला सरकारी प्रमाणपत्र मिळाले आणि सुमारे २६० ग्राहकांच्या हाती ते पडलेही. तरीही कंपनी बुडाली. म्हणूनच ‘एक्लिप्स ५००’ची कहाणी आजही तपासून पाहण्याजोगी ठरते.

या विमानाचे मूळ ‘नासा’च्या एका संशोधन प्रकल्पात आहे. लहान विमानांसाठी हलके आणि स्वस्त जेट इंजिन तयार करावे, या हेतूने १९९० च्या दशकात विल्यम्स इंटरनॅशनल कंपनीला साहाय्य देण्यात आले. त्यातून जन्मलेल्या इंजिनाने व्हर्न रेबर्न भारावून गेले. रेबर्न हे मायक्रोसॉफ्टच्या आरंभीच्या काळातील अधिकारी. त्यांनी १९९८ मध्ये एक्लिप्सची स्थापना केली. पुढे न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की येथे कारखाना उभा राहिला. गुंतवणूकदारांत बिल गेट्स यांचे नाव असल्याने प्रकल्पाला प्रसिद्धीही भरपूर लाभली. दोन इंजिनांचे, सहा आसनांचे जेट सुमारे ८ लाख ३७ हजार डॉलरना देण्याची घोषणा झाली, तेव्हा विमान उद्योगाने भुवया उंचावल्या. त्या काळी सर्वांत लहान व्यावसायिक जेटसाठीही याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागत असे.

पहिला धक्का इंजिनानेच दिला. अवघ्या ४० किलोच्या आत वजन असलेल्या विल्यम्सच्या इंजिनाकडून सुमारे ३५० किलो रेट्याची अपेक्षा होती. २६ ऑगस्ट २००२ रोजी विमानाने पहिले उड्डाण केले खरे. परंतु हे इंजिन पुरे पडणार नाही, हे लगेचच उघड झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात करार मोडण्यात आला. त्याऐवजी प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचे सुमारे ४०० किलो रेट्याचे इंजिन निवडले गेले. इंजिन बदलले की विमानाचे वजन बदलते, इंधनाची गरज बदलते आणि मग सारी रचनाच नव्याने आखावी लागते. नव्या इंजिनांसह उड्डाण झाले ते २००४ च्या अखेरीस. म्हणजे दोन वर्षे हातची गेली आणि किंमतही वाढली.

एवढे होऊनही अभियंत्यांनी साधलेले यश कमी लेखता येणार नाही. विमानाचे पत्रे जोडण्यासाठी हजारो रिबिटांऐवजी ‘फ्रिक्शन स्टिर वेल्डिंग’ हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. फिरत्या अवजाराच्या घर्षणाने धातू वितळू न देता मऊ करून तो एकजीव करण्याची ही पद्धत. तिच्यामुळे श्रम आणि वेळ दोन्ही वाचले. कामगिरीही लक्षणीय होती. कमाल वेग ताशी सुमारे ६८५ किलोमीटर, उंची ४१ हजार फूट, पल्ला दोन हजार किलोमीटरहून थोडा अधिक आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन मात्र अवघे २,७०० किलोंच्या घरात. एकटा वैमानिक ते चालवू शकत असे. इंधनाच्या काटकसरीत त्याच्याशी बरोबरी करणारी जेट विमाने विरळाच. या कामासाठी २००५ सालचा प्रतिष्ठेचा कोलियर करंडकही कंपनीला मिळाला.

खरी गोम होती ती किमतीच्या गणितात. सॉफ्टवेअरची एक प्रत काढायला जेवढा खर्च येतो, जवळपास तेवढ्यातच लाख प्रती निघतात. विमानाचे तसे नसते. प्रत्येक विमानाला दोन इंजिने, चाके, काचा आणि उपकरणे लागतातच. त्यांचे दर उतरवायचे तर मागणी प्रचंड हवी. म्हणून एक्लिप्सने वर्षाला हजाराहून अधिक विमानांचे उत्पादन गृहीत धरले. जगातील सर्व कंपन्या मिळून २००६ मध्ये जेमतेम नऊशेच्या आसपास व्यावसायिक जेट विकू शकल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या गृहीतकाचे धाडस कळते.

ही मागणी येणार होती हवाई टॅक्सीकडून. फ्लोरिडातील डेजेट ही कंपनी छोट्या शहरांना जोडणारी, आसनागणिक भाडे आकारणारी सेवा देणार होती. एक्लिप्सच्या फुगलेल्या मागणीपत्रात मोठा वाटा याच एका ग्राहकाचा होता. अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनानेही दशकभरात अशी सुमारे पाच हजार अतिहलकी जेट आकाशात येतील, असा अंदाज बांधला होता. प्रत्यक्षात डेजेटकडे २८ विमाने आली आणि सेवा सुरू झाल्यापासून वर्षभराच्या आत, सप्टेंबर २००८ मध्ये, ती बंदही पडली.

या घाईची किंमत सुरक्षिततेलाही मोजावी लागली काय, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे. ३० सप्टेंबर २००६ रोजी विमानाला पूर्ण प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर काही दिवसांतच प्रशासनातील तंत्रज्ञांच्या संघटनेने, त्रुटी बाकी असताना वरिष्ठांनी मंजुरी दिली, अशी तक्रार नोंदवली. ५ जून २००८ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरताना एका एक्लिप्सची दोन्ही इंजिने पूर्ण शक्तीवर अडकून पडली. वैमानिकांनी प्रसंगावधान राखल्याने चौघेही बचावले. दोष थ्रॉटलचे संकेत वाचणाऱ्या प्रणालीत निघाला. त्या सप्टेंबरात अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. ठरलेली तारीख गाठण्यासाठी प्रशासनाने घाई केली, असा ठपका वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी ठेवला. तर प्रशासनाच्या विशेष पाहणीने प्रमाणपत्र नियमानुसारच असल्याचा निर्वाळा दिला. वाद तांत्रिक वाटला, तरी त्याचा गाभा साधा आहे. कंपनीच्या तारखा पाळणे हे नियामकाचे काम नव्हे.

तोवर किंमत २१ लाख ५० हजार डॉलरवर पोहोचली होती. जुन्या दराने नोंदणी केलेल्या ग्राहकांना विमान देताना कंपनीला तोटाच सोसावा लागत होता. ऑगस्ट २००८ मध्ये साडेसहाशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. नोव्हेंबरात दिवाळखोरी जाहीर झाली आणि आगाऊ रक्कम भरून बसलेले ग्राहक हात चोळत राहिले. एक अब्ज डॉलरहून अधिक भांडवल बुडाले. पुढे नव्या मालकांनी ‘एक्लिप्स ५५०’ या नावाने सुधारित विमान बाजारात आणले. परंतु त्याची मोजकीच विमाने तयार झाली आणि २०१८ मध्ये त्या कंपनीलाही न्यायालयाची पायरी चढावी लागली.

याच काळात सेस्नाने शांतपणे ‘सायटेशन मस्टँग’ उतरवले. तिप्पट किंमत पहिल्यापासून सांगितली, दिलेल्या तारखा पाळल्या आणि २०१७ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत ४७० हून अधिक विमाने विकली. होंडाने आपल्या जेटसाठी पहिल्या उड्डाणानंतर प्रमाणपत्र मिळेपर्यंत बारा वर्षे घेतली. मात्र तिच्यामागे मोटारींच्या विक्रीचा भक्कम आधार होता. हलक्या जेटची बाजारपेठ आहे, ती टिकूनही आहे. पण ती काही हजारांची नव्हे, काही शेकड्यांची आहे.

आजच्या हवाई टॅक्सीवाल्यांनीही वर्षाला हजारो यानांच्या उत्पादनाची आणि माफक भाड्याची भाषा चालवली आहे. यान उडते की नाही, एवढ्याच कसोटीवर गुंतवणूकदारांनी आणि सरकारांनी त्यांना जोखू नये. एक्लिप्स उत्तम उडत होते. ते किती जण विकत घेतील आणि प्रमाणपत्रावर सही करणारा अधिकारी ‘अजून नाही’ असे म्हणू शकेल काय, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळायला हवीत.