आधी छप्पर, मग पडदे

मैत्रिणींनो, लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेल्या बायका हल्ली आपल्यासारख्या लहान गावांतही गल्लोगल्ली सापडतात. परत आल्या की तिथले मॉल, गुळगुळीत रस्ते, नायगरा आणि लेकीच्या घरातलं भांडी घासायचं मशीन, एवढ्यावर गप्पा रंगतात. मीही २०२३ मध्ये मे ते सप्टेंबर तिकडे राहून आले. पण मला सांगायचंय ते वेगळंच. एका जुनाट, गळक्या गाडीबद्दल.

माझी लेक इंडियाना राज्याच्या उत्तर भागात राहते. जवळच एल्कहार्ट नावाचं गाव आहे. आपल्याकडे इचलकरंजी म्हटलं की यंत्रमाग, तसं तिकडे एल्कहार्ट म्हटलं की चाकांवरची घरं. त्यांना मोटारहोम म्हणतात. बाहेरून मिनीबससारखी दिसणारी गाडी, आत मात्र शेगडी, फ्रीज, बेसिन, पलंग, संडास-बाथरूम असा सगळा संसार. त्या गावात या गाड्यांचं संग्रहालयसुद्धा आहे. मे वेस्ट या जुन्या नटीसाठी १९३१ मध्ये बनवलेली घरगाडी तिथे ठेवलीय.

तिथल्या कितीतरी कुटुंबांसाठी ही गाडी म्हणजे सुट्टीची चैन. पण सगळ्यांसाठी नाही. २०२१ मध्ये ऑस्कर मिळालेला ‘नोमॅडलँड’ हा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. घरभाडं परवडेना म्हणून गाडीतच राहणाऱ्या, हंगामी कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या उतारवयातल्या माणसांची ती कथा, आणि त्यातली मुख्य व्यक्ती बाईच आहे. म्हणजे चाकांवरचं घर कुणासाठी हौस असते, तर कुणासाठी डोक्यावरचं शेवटचं छप्पर.

लेकीच्या शेजारी राहणाऱ्या बाई यापैकी कशातच पुरत्या बसत नव्हत्या. वय ६८. आयुष्यभर शाळेची बस चालवली. यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. दोघांनी मिळून घेतलेलं १९९४ सालचं मोटारहोम तेव्हापासून अंगणात ताडपत्रीखाली उभं होतं. वर्कशॉपवाल्यानं दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, तो गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त. मुलगे म्हणाले, “भंगारात दे.” बाई म्हणाल्या, “या हिवाळ्यात मला ॲरिझोनात बहिणीकडे जायचंय. आणि याच गाडीनं जायचंय.”

मला वाटलं, आता ही बाई सगळ्यात आधी रंग काढेल, नवे पडदे लावेल. आपण काय करतो? दिवाळी आली की भिंतीवर ओल आलेली असली तरी वरून डिस्टेंपर मारून मोकळ्या होतो! तर बाई पहिल्या दिवशी हातात फक्त एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आत शिरल्या आणि भिंतीला जागोजागी टोचत बसल्या. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाल्या, वरचा कागद चांगला दिसतो, पण आतलं लाकूड कुजलंय का ते असंच कळतं. पलंगाच्या वरच्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर भाकरीत बोट जावं तसा आत गेला.

जुन्या मोटारहोमचा खरा शत्रू इंजिन नसतंच, तर पाणी असतं. या गाड्यांच्या भिंती म्हणजे बहुतेक वेळा लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, वरून प्लायवूड आणि बाहेरून पत्रा किंवा फायबर. छपरावर हवेसाठी झरोके, दिव्यासाठी खिडकी, सांध्यांवर पट्ट्या. जिथं भोक तिथं पाणी शिरायची वाट. आणि पाणी मोठं लबाड. शिरतं एकीकडून, आतल्या आत सरकतं आणि दिसतं भलतीकडेच. म्हणून डाग दिसला तिथंच लेप लावून काही होत नाही. आपल्याकडे कौलारू घर शाकारणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ठिबकतं एका कौलाखाली, फुटलेलं असतं वरचं तिसरंच.

आतलं प्लायवूड उचकटल्यावर काळं पडलेलं लाकूड निघालं. बाईंनी ते कापून काढलं. नंतर दोन आठवडे आत पंखे लावून नुसतं वाळू दिलं. मला राहवेना. एवढे दिवस काम बंद कशाला? त्यांचं म्हणणं, ओल आत ठेवून वरून बंद केलं तर पुढच्या वर्षी पुन्हा हेच. मग छपरावर गुडघ्याखाली फळी घेऊन बसल्या आणि प्रत्येक झरोक्याचे स्क्रू काढून जुना लेप खरवडायला लागल्या.

तो लेप काही निघेना. बाजारात मिळतं ते साधं सिलिकॉन होतं, यजमानांनी कधीतरी घाईत लावलेलं. सिलिकॉनची गंमत अशी की ते स्वतः चिकटतं, पण नंतर त्याच्यावर दुसरं काहीच धड चिकटत नाही. त्यामुळे झरोक्याच्या कडेला बारीक फट राहिली आणि सगळं पाणी तिथूनच शिरलं. बाई तासन् तास खरवडत होत्या. एकदा हात थांबवून म्हणाल्या, “त्याचं प्रत्येक काम दहा मिनिटांत व्हायचं.” हसल्या, आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिले. नवऱ्यानं केलेली चूक आपल्या हातानं निस्तरताना आठवण आणि राग दोन्ही एकदमच येत असणार. आपल्यापैकी कितीजणींना हे वेगळं सांगायला हवं?

खरवडून, स्पिरिटनं पुसून त्यांनी झरोक्याच्या काठाखाली ब्युटाइल रबराची चिकट पट्टी बसवली, स्क्रू आवळले, वरून आपोआप पसरणारा खास छपराचा लेप लावला. आणि पहिल्याच मोठ्या पावसात पुन्हा टपटप सुरू! एक कोपरा नीट वाळलाच नव्हता. बाई गाडीच्या पायरीवर कॉफी घेऊन बसल्या. मला वाटलं, आता हिंमत खचली. कप संपला, तशा उठल्या आणि तो कोपरा पुन्हा खरवडायला लागल्या.

त्यांच्याकडे एक वही होती. ती मला सगळ्यात आवडली. पानावर तीन रकाने. ‘मी करीन’, ‘शिकून करीन’ आणि ‘दुसऱ्याकडून करून घेईन’. छप्पर, लाकूड, नळ पहिल्या रकान्यात. दिव्यांची वायरिंग दुसऱ्यात. या गाडीत दिवे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, पण बाहेरून वीज जोडली की तिथली १२० व्होल्टची लाइनही येते. बारा व्होल्टचं काम त्यांनी शिकून घेतलं, मोठ्या लाइनला हात लावला नाही. ब्रेक आणि गॅसची नळी तिसऱ्या रकान्यात. साबणाचं पाणी लावून गळती बघणं त्या स्वतः करायच्या, पण जोडणीला परवानाधारक माणूसच बोलावला. टायर दिसायला नव्यासारखे होते. त्यांनी मला टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे दाखवले. २८११. म्हणजे २०११ सालचा अठ्ठाविसावा आठवडा. बारा वर्षांचे टायर! दहा वर्षांपुढे टायर वापरू नये, असं बनवणारेच सांगतात. नक्षी शाबूत असली तरी रबर आतून म्हातारं झालेलं असतं. टायर बदलले. (हे आकडे आपल्याकडच्या टायरवरही असतात. उद्या आपल्या स्कूटीचे वाचून बघा.)

ऑगस्ट संपता संपता वहीतलं शेवटचं काम उरलं, पडदे. इथं मात्र बाई अडल्या. शिवण त्यांना अजिबात येत नव्हती. मी लेकीकडचं मशीन काढलं, खिडक्या मापल्या आणि दोन दिवसांत आठ पडदे शिवून दिले. बाई डोळे मोठे करून बघत होत्या. “कागदावर काही आखलंसुद्धा नाही! कसं जमतं?” मी म्हटलं, त्यात काय, लहानपणापासून हातात आहे. बोलून गेले आणि मनात चमकलं. हातात आहे म्हणून जमतं. तिच्या हातात पाना होता, माझ्या हातात सुई. हात दोघींचे सारखेच. फरक एवढाच, की कुणी तरी कधी तरी आमच्या हातात काय दिलं.

परत आल्यावर आठवड्यातच स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. प्लंबर म्हणाला, “उद्या येतो, काकू.” त्याचा उद्या चार दिवसांनी उजाडला. तोवर बादली भरली की ओत, भरली की ओत. पाणी बंद का नाही केलं, म्हणाल? अहो, मेन व्हॉल्व्ह कुठं आहे हेच मला ठाऊक नव्हतं! ३१ वर्षं मी त्या घरात राहतेय. डब्यात डाळ किती उरलीय ते न बघता सांगेन, पण माझ्या घराचं पाणी कुठून बंद होतं ते मला माहीत नाही. याची जेवढी लाज वाटली तेवढी मला अमेरिकेत मोडकं इंग्रजी बोलतानाही वाटली नव्हती.

काहीजणी म्हणतील, बायकांच्या डोक्यावर कामं कमी आहेत का, की आता नळ आणि फ्यूजही आम्हीच बघायचे? प्रश्न रास्त आहे. घरात धडधाकट माणसं टीव्हीसमोर बसलेली असताना पाना बाईनंच उचलावा, असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतेय ते माहितीबद्दल. काम कुणीही करो, आपल्याला ते कळलं पाहिजे. कळतं तिला कुणी फसवू शकत नाही. वायसर गेलाय म्हणून अख्खा नळ बदलायला लावत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या गावांत आज कितीतरी घरांत मुलं पुण्याला, बंगलोरला, परदेशात आणि घरात एकटी आई, अशीच अवस्था आहे. रात्री अकराला पाइप फुटला तर ती कुणाला हाक मारणार?

आणि हत्यार हे बाईचं काम नाही, हे आपल्याला सांगितलं तरी कुणी? रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेले घिसाडी आठवा. त्यांचं बिऱ्हाड गाडीवर, गावोगाव फिरणारं. पुरुष सांडशीत लाल लोखंड धरतो आणि वरून घण घालते ती बाई. आपण विळी-कोयता धार लावायला नेला की ती कपाळाचा घाम पुसत हसते. तिच्या हाताला घण शोभतो, तर आपल्या हाताला पक्कड का जड व्हावी?

हे वाचून कुणी घरची जुनी मॅटॅडोर फोडून तिचं घर करायला निघू नका हं! आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आरटीओची परवानगी लागते. पण बाईंची वही मात्र उचलण्यासारखी आहे. तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, नळाचा वायसर, सैल बिजागरी, मिक्सरचं तुटलेलं बटण. दुसऱ्यात लिहा, कुठली एमसीबी कुठल्या खोलीची, टाकीचा बॉल कॉक कसा बसवतात. तिसऱ्यात लिहा, मुख्य वायरिंग आणि गॅस. गॅसच्या नळीवरची तारीख वाचायला मात्र कुणाची वाट बघू नका. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेचं बटण चालू-बंद काही करायचं नाही, आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन.

आणि क्रम विसरू नका. आधी छप्पर, मग पडदे. घराचंच कशाला, बाकी बऱ्याच गोष्टींचंही तेच. वरून सगळं छान दिसावं म्हणून आपण आतली ओल किती वर्षं झाकतो! टोचून बघायचं धाडस एकदा केलं, की दुरुस्तीची निम्मी वाट तिथंच संपते.

डिसेंबरात लेकीनं फोनवर एक फोटो पाठवला. मागे ॲरिझोनाचे तांबूस डोंगर, पुढे दोघी म्हाताऱ्या बहिणी खुर्च्या टाकून बसलेल्या आणि गाडीच्या खिडकीत माझे पडदे. खाली बाईंनी लिहिलं होतं की वाटेत दोनदा जोराचा पाऊस लागला, आत थेंब आला नाही.

मी त्यांना उत्तर पाठवलं, “नळाचा वायसर मी बदलला. दुसऱ्या प्रयत्नात.”

तर मैत्रिणींनो, या रविवारी फार काही करू नका. फक्त उठा आणि आपल्या घराचा मेन व्हॉल्व्ह शोधून काढा. एकदा बंद करून, उघडून बघा. सापडला की नाही, ते आम्हाला पत्रानं जरूर कळवा.