जॉइंट आपला, फाइल कोणाची?

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने निघाले की वडखळ, डोलवी आणि मग गडब. गडबच्या एका अंगाला डोलवीचा पोलाद कारखाना, दुसऱ्या अंगाला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, त्यापुढे रोह्याजवळ धाटावची रासायनिक वसाहत. अलिबागकडे वळले की थळचा खत कारखाना आणि उसरला उभा राहत असलेला गेलचा प्रकल्प. एकट्या डोलवीची क्षमता वर्षाला ५० लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली आणि पुढची वाढ हाती घेतलेली आहे. इतके पाइप, इतक्या टाक्या, इतके बॉयलर एवढ्याशा पट्ट्यात असताना इथला चांगला आर्गन वेल्डर शटडाऊन संपला की घरी बसतो आणि ठेकेदाराच्या फोनची वाट बघतो. ‘फोन आला की जाऊ’ हे उत्तर या भागात इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही. आम्हाला वाटते, म्हणून हा अंक त्या विषयावर आहे.

हात कमी पडतो म्हणून ही वेळ येत नाही. ज्याला त्या हाताची गरज आहे, त्याला तो हात कोणाचा हेच माहीत नसते. आपल्या धंद्याची रीत बघा. जॉइंट पुरा झाला की वेल्डर शेजारी मार्करने किंवा पंचाने आपला नंबर टाकतो, समजा डब्ल्यू-१४. एक्स-रे निघतो, फिल्म वाचली जाते, रिपोर्टमध्ये डब्ल्यू-१४ पास होतो. क्यूसीवाले प्रत्येक नंबरचा रिपेअर टक्का काढतात. कंपनीचा इंजिनिअर छातीठोक सांगू शकतो की या शटडाऊनमध्ये डब्ल्यू-१४ चा एकही जॉइंट कापावा लागला नाही. पण डब्ल्यू-१४ म्हणजे कोणाचा कोण, हे ठेकेदाराच्या रजिस्टरात. पुढच्या खेपेला ठेकेदार बदलतो, नंबर बदलतो आणि मागचे सगळे काम जुन्या फायलीत पडून राहते. पंधरा वर्षे हाय-प्रेशर लाइनवर काढलेला माणूस नव्या गेटवर कोरी पाटी घेऊन उभा राहतो आणि समोरचा सांगेल तो दर घेतो. पेण-हमरापूरच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी कोणाच्या हातची, हे जाणकाराला मूर्ती बघताच कळते. आपला जॉइंट मात्र इन्सुलेशनखाली जातो. त्याच्याबद्दल आपणच बोलायला हवे.

‘कागद नेऊन काय उपयोग, टेस्ट पुन्हा द्यावीच लागते’, असे अनेक जण म्हणतात. अर्धे खरे आहे. एएसएमई सेक्शन नाइनप्रमाणे वेल्डरची परीक्षा घेण्याची आणि तिच्या कागदावर सही करण्याची जबाबदारी काम करून घेणाऱ्या संस्थेची असते. त्यामुळे एकीकडचा कागद दुसरीकडे जसाच्या तसा बहुधा चालत नाही. पण तो दाखवणाऱ्याला टेस्टला बोलावले जाते आणि न दाखवणाऱ्याला हेल्परच्या रांगेत उभे केले जाते, हा फरक लहान नाही. त्याच कोडमध्ये आणखी एक अट आहे: सहा महिने ती प्रोसेस हातात घेतली नाही, तर पात्रता संपते. म्हणजे टीआयजीवर शेवटचे काम कधी केले, ही तारीख कामाची आहे. ती ठेकेदाराच्या कॉम्प्युटरमध्ये असून भागत नाही, ती आपल्या डायरीत हवी.

म्हणून पहिले सांगणे डायरीचे. साधी दोनशे पानी वही चालेल. रोज संध्याकाळी चार ओळी: जागा, लाइनचा व्यास आणि जाडी, मटेरियल (सीएस, एसएस की पी-९१), पोझिशन, रूट कशाने आणि फिलिंग कशाने, किती इंच-डाया काम निघाले, एक्स-रेला किती गेले, किती परत आले. परत आलेला जॉइंट लपवू नका. पोरॉसिटी होती की रूटला लॅक ऑफ पेनिट्रेशन, पुढे काय बदलले, हेही लिहा. ज्याला आपला दोष नावानिशी सांगता येतो, त्याच्यावर इन्स्पेक्टर लवकर विश्वास टाकतो. शटडाऊन संपला की त्या वहीतून एक पान काढा, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी, आणि त्यावर वर्षांची गोळाबेरीज न मांडता करून दाखवलेले काम मांडा. ‘वेल्डिंगचा दहा वर्षांचा अनुभव’ या ओळीतून समोरच्याला काहीही कळत नाही. ‘सहा इंची शेड्यूल ८० सीएस लाइन, सिक्स-जी, रूट टीआयजीने, बाकी ७०१८ ने’ असे लिहिले की वाचणारा खुर्चीत सरसावून बसतो. फोटो हवे असतील तर वर्कशॉपमधल्या सरावाच्या कूपनचे काढा, पाइपच्या आतून रूट दिसेल असे. प्लांटमध्ये मोबाइल काढू नका. एका फोटोपायी गेटपास जातो आणि नावही.

कायदाही इथे आपल्या बाजूने आहे आणि तो फारच थोडे जण वापरतात. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत ठेकेदाराने कामगाराला रोजगारपत्र आणि काम संपल्यावर सेवा प्रमाणपत्र द्यावे, असे होते. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही मागणी केल्यावर अनुभव प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी ठेकेदारावर आहे. मागणी केल्यावर, हे शब्द लक्षात ठेवा. शेवटचा हिशेब घ्यायला जाल तेव्हाच लेखी मागा, मागाहून कोणी ओळख देत नाही.

आता पान घेऊन जायचे कुठे? गेटवरच्या टाइम ऑफिसात दिलेला बायोडेटा बहुधा गठ्ठ्यात जातो. ज्याची झोप शटडाऊनमुळे उडणार आहे, त्याच्याकडे जा: मेंटेनन्सचा प्लॅनर, पायपिंगचे काम घेतलेल्या मोठ्या कंपनीचा साइट इन्चार्ज, क्यूसीचा इंजिनिअर. धाटावसारख्या वसाहतीत मध्यम कारखान्याचा मेंटेनन्स प्रमुख स्वतः भेटू शकतो, तिथून सुरुवात करणे सोपे. वेळ शटडाऊनच्या दीड-दोन महिने आधीची. काम सुरू झाल्यावर गेटवर गर्दी असते आणि गर्दीत दर पडतो. बोलणेही फार नको. ‘साहेब, माझी टेस्ट घ्या’, एवढे वाक्य पुरे. टेस्टच्या दिवशी आपले हेल्मेट, आपली टॉर्च, आपले ग्राइंडिंगचे चाक घेऊन जा. पंचेचाळीस अंशात बांधलेल्या पाइपवर आर्क मारण्यापूर्वी गॅप मोजणारा, टॅक घासून निमुळता करणारा, ७०१८ चा रॉड ओव्हनमधूनच घेणारा आणि उघड्यावर पडलेला रॉड बाजूला ठेवणारा माणूस अनुभवी फोरमन लांबूनच हेरतो. एक्स-रे नंतर निघतो, त्याचे मत आधीच बनलेले असते.

ठेकेदाराशी भांडा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मोठ्या कामांची रचनाच अशी आहे की बहुतेकांना ठेकेदाराच्या मस्टरवरच काम करावे लागेल. पण कंपनीच्या इंजिनिअरने नाव घेऊन मागितलेला वेल्डर आणि ठेकेदाराने ट्रॅक्समधून भरून आणलेला वेल्डर यांच्या दरात आणि वागणुकीत फरक पडतोच. तसेच पुढाऱ्याच्या चिठ्ठीचे. ज्या गावांच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या, त्यांचा नोकरीवर पहिला हक्क आहे, हे आमचे ठाम मत आहे. तो हक्क मागताना हातात चिठ्ठीबरोबर कामाचे पान असेल, तर भूमिपुत्राला वॉचमन किंवा हेल्पर म्हणून बसवून हक्क भागवला, असे कोणाला म्हणता येणार नाही.

आमच्या वाचकांत फोरमन, क्यूसी इंजिनिअर आणि ठेकेदारही आहेत, त्यांच्याकडे एक मागणे. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायूगळतीनंतर स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. या पट्ट्यात गळती म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. असे असताना चांगला वेल्डर निनावी ठेवणे कोणाच्याच हिताचे नाही. काम संपल्यावर पात्रतेच्या कागदाची झेरॉक्स, शेवटच्या कामाची तारीख आणि रिपेअर टक्का एवढे वेल्डरच्या हातात द्या. त्यात कंपनीचे कोणतेही गुपित बाहेर जात नाही. ‘दिले तर तो दुसरीकडे जाईल’, ही भीती आम्ही ऐकली आहे. जो जायचा तो कागदाशिवायही जातो, फक्त कमी दराने जातो. आणि पुढच्या शटडाऊनला तुम्हालाही दुसऱ्याने टेस्ट घेतलेला, हिशेब असलेला माणूस मिळेल.

डायरीच्या पानाचा आणि एकपानी माहितीपत्रकाचा नमुना या अंकाच्या मधल्या पानांवर दिला आहे. फाडून घ्या, झेरॉक्स काढा, आयटीआयच्या मुलांना वाटा. भरलेली पाने आमच्याकडे पाठवलीत तर आमचे तांत्रिक सल्लागार ती वाचून दुरुस्त्या सुचवतील, त्याला शुल्क नाही.