संशोधनाच्या दाराला ७५ टक्क्यांचे कुलूप

२ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने लढवला. पण त्यात लाठ्या खाल्लेल्या सामान्य स्त्री-पुरुषांचा इतिहास अजून वस्त्यांतल्या आठवणींत विखुरलेला आहे. तो गोळा करायला वस्तीतलाच बी.ए.चा विद्यार्थी हवा. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्याप्रमाणे चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरायची, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. दिवसा मजुरी करून शिकणाऱ्या पोराने ते कोठून आणायचे? ही अट शिथिल झालीच पाहिजे. तोवर नाशिकच्या महाविद्यालयांनी पहिल्या तीन वर्षांतील क्षेत्रप्रकल्प या कामाला जोडावेत. तिथे टक्क्यांची अट नाही. साक्षीदारांची पिढी गेली, त्यांची लेकरेही थकली. बांधवांनो, आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे!